ॲव्हरेज किती देते?

आपल्याकडे नवी गाडी सोसायटीच्या गेटातून आत आली की पेढा हातात पडायच्या आधी प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" रंग कोणता, ब्रेक कसे लागतात, मागे तीन माणसं नीट बसतात का, हे सगळं नंतर. या प्रश्नाला एकदा "बारा" असं उत्तर देऊन बघा. समोरचा काही बोलत नाही, नुसता पाठीवर हात ठेवतो. एरवी तो हात तो तेराव्याला आल्यावर ठेवतो.

"शून्य ते शंभर किती सेकंदांत जाते?" हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलंच, तर विचारणारा अकरावीत असतो आणि त्याच्याकडे लायसन नसतं.

अशा समाजात चाळिशीला टेकलेल्या, घराचे हप्ते भरणाऱ्या, दोन पोरांच्या बापाला मनातून जोरात पळणारी गाडी हवी असेल तर त्याने तोंड कुठे उघडायचं? घरात? घरात बाबा होते. बाबा बँकेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी पैसा दोनच खात्यांत जाऊ शकतो, एक 'गरज' आणि दुसरं 'मूर्खपणा'. 'हौस' नावाचं खातं त्यांनी उभ्या आयुष्यात उघडलं नाही आणि माझ्या नावाने तर ते उघडण्याची शक्यताच नव्हती.

माझ्यासारख्यांची ही अडचण ओळखून मोटारधंद्याने जे यंत्र तयार केलं, त्याचं नाव डिझेल हॉट हॅचबॅक.

हॅचबॅक म्हणजे डिक्की पेटीसारखी मागे बाहेर न आलेली, काचेसकट वर उघडणारी गाडी. म्हणजे आपली नेहमीचीच. दळण, गॅसचा सिलिंडर आणि माहेरपणाला निघालेली आत्या, सगळं नेणारी. तिच्यात तिच्या ऐपतीबाहेरचं इंजिन बसवलं की ती हॉट हॅचबॅक. फोक्सवॅगनने १९७६ साली गोल्फ जीटीआय बाजारात आणली आणि या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली. पण ती पेट्रोलवर चालणारी. म्हणजे उघडउघड चैन. तिला लपायला जागा नाही.

डिझेलची गोष्ट निराळी. डिझेल हॉट हॅचबॅक म्हणजे मिसळ. खायची असते तर्री, पण सांगायचं असतं की मोड आलेली मटकी पौष्टिक असते. मटकी खोटी नसते. ती वाटीत असते, दिसते, चावताही येते. पण मटकीसाठी मिसळ खायला गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या पिढीला डिझेलचं इंजिन वेगासाठी माहीतच नव्हतं. डिझेल म्हणजे विहिरीवरचा पंप. किर्लोस्करांचं ऑइल इंजिन शेतात एका लयीत ठकठकत असायचं, आणि त्या आवाजावर गावाला दुपारची झोप लागायची. डिझेल म्हणजे एसटी, डिझेल म्हणजे वडाप, डिझेल म्हणजे काळा धूर आणि खिडकीशी बसलेल्याची काळी बाही. १९९८च्या अखेरीस टाटांची इंडिका आली आणि डिझेल छोट्या मोटारीत रुळलं. १४०५ सीसीचं, बिनटर्बोचं, पन्नाशीच्या थोडी पुढे अश्वशक्ती असलेलं ते इंजिन. घराघरांत गाडी नेण्याचं पुण्य त्या इंडिकेच्या नावावर आहे, पण तिला हॉट कोणी म्हणालं नाही. मे महिन्यात एसी लावून चढ चढताना म्हणालं असेल, पण ते वेगळ्या अर्थाने.

तिकडे युरोपात मात्र हा उद्योग आधीच सुरू झाला होता. गोल्फची डिझेल बहीण, जीटीडी, १९८२ साली आली, सत्तर अश्वशक्तीची. २००३ साली स्कोडाने फॅबिया आरएस काढली. १.९ लिटरचं टीडीआय इंजिन, १३० अश्वशक्ती, ३१० न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गिअर. वरून दिसायला अशी, की तिच्यातून निवृत्त पोस्टमास्तर उतरतील. पुढच्या वर्षी सेआटने इबिझा कुप्राला १६० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन दिलं. आता युरोपातली माणसं हौस उघडपणे करत असतील असं वाटतं ना? छे. ब्रिटनमध्ये २००२पासून कंपनीने दिलेल्या गाडीवरचा कर कार्बन डायॉक्साइडच्या आकड्यावरून ठरू लागला आणि डिझेलचा तो आकडा कमी. तिथला मॅनेजरही घरी जाऊन म्हणत असणार, "अगं, टॅक्स वाचतो." मटकी सगळीकडे उगवते, फक्त वाटी बदलते.

आमच्याकडे हंगाम आला तो २०१०च्या सुमारास. २०१२च्या मे महिन्यात पेट्रोल साडेसात रुपयांनी वाढलं तेव्हा दिल्लीत त्याचा भाव ७३ रुपये १८ पैसे झाला आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे होतं. बत्तीस रुपयांचा फरक! देशभर माणसं डिझेल गाड्यांवर तुटून पडली. महिना-महिना वेटिंग. स्विफ्ट डिझेलचा नंबर लागला की लोक सिझेरियनची तारीख मिळाल्यासारखे फोन करून कळवत.

आणि पुणेकरांची अडचण अशी की ही सगळी भानगड आमच्या दारातच चालली होती. फोक्सवॅगनची पोलो चाकणला बनायची, कांद्याच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर. फियाटची पुंटो रांजणगावला, म्हणजे महागणपतीच्या सावलीत. इंडिकेचं माहेर तर पिंपरीच. एखादी हौस लंडनला असती तर माणूस आवरता तरी आला असता. नगर रोडने जाताना कारखान्याच्या आवारात ओळीने उभ्या असलेल्या कोऱ्या पुंटो बघून आवरायचं कसं?

आता या गाड्या पळायच्या कशा, तेवढं समजून घेऊ. पुढे जे मी बाबांना पटवलं ते यावरच उभं होतं.

इंजिनाची ताकद दोन आकड्यांत सांगतात, पॉवर आणि टॉर्क. मार्केट यार्डातला हमाल घ्या. एका वेळी किती जड पोतं पाठीवर घेतो तो त्याचा टॉर्क. तासाभरात किती पोती हलवतो ती त्याची पॉवर. पेट्रोलचं इंजिन म्हणजे हलकी पोती घेऊन पळत सुटणारा पोरगा. डिझेलचं इंजिन म्हणजे एकाच खेपेत दोन पोती उचलणारा गडी, पण पळ म्हटलं तर चार हजार फेऱ्यांच्या पुढे तो पानाची चंची काढून बसणार. २०१३ साली पोलो जीटी दोन इंजिनांत मिळायची. पेट्रोलचं टीएसआय आणि डिझेलचं टीडीआय. दोघांची पॉवर अगदी तीच, १०५ अश्वशक्ती. पण टॉर्क पेट्रोलचा १७५ आणि डिझेलचा २५०. दोन्ही गाड्या शोरूमच्या भावाने आठ लाखांच्या आसपास. मी त्या दिवशी वहीवर भागाकार केला. पेट्रोलमध्ये एक न्यूटन-मीटर साडेचार हजारांहून महाग पडतो, डिझेलमध्ये बत्तीसशेला. हे मी बाबांपुढे मांडलं. न्यूटन-मीटर म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण स्वस्त मिळतोय एवढं त्यांना कळलं.

दुसरी गोष्ट टर्बो. टर्बोसारखी पुणेरी वस्तू जर्मनांनी-इटालियनांनी गाडीत बसवली याचं मला नेहमी नवल वाटतं. इंजिनातून जळून बाहेर पडणारा वायू एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बो काय करतो, तर जाता जाता त्या वायूकडून एक चक्र फिरवून घेतो आणि त्या चक्राच्या जोरावर जास्तीची हवा इंजिनात कोंबतो. म्हणजे रात्रीच्या उरलेल्या पोळीचा सकाळी फोडणी देऊन कुस्करा. टाकायचं काही नाही! फक्त कुस्कऱ्यात एक मेख आहे. तेल तापायला वेळ लागतो. टर्बोलाही वायू पुरेसा जोरात यावा लागतो, आणि तोवर गाडी नुसती ढिम्म असते. याला टर्बो लॅग म्हणतात. अठराशे फेऱ्यांपर्यंत आपण अॅक्सिलरेटर दाबतो, गाडी विचार करते. मागचा हॉर्न देतो. शेजारून स्कूटीवरच्या काकू जातात. आणि दोन हजारांवर काटा टेकला रे टेकला की मोहरी तडतडते, पाठ सीटला चिकटते आणि काकू आरशात जातात. ही फोडणी हाच डिझेल हॉट हॅचबॅकचा सगळा ब्रह्मानंद. जेमतेम अडीच सेकंदांचा.

आता उमेदवार. माणसांच्या स्थळांसारखीच तेव्हा या गाड्यांची स्थळं चर्चेला असायची.

स्विफ्ट म्हणजे ओळखीतलं स्थळ. १२४८ सीसीचं इंजिन, ७५ अश्वशक्ती, १९० न्यूटन-मीटर. मूळ फियाटचं असलेलं हे इंजिन मारुती, टाटा, शेव्हरोले अशा इतक्या जणांच्या बॉनेटखाली गेलं, की त्याला लोक राष्ट्रीय इंजिनच म्हणायचे. स्विफ्ट हलकी. फोडणी बसली की उडायची. आणि विकायला काढली की दुपारपर्यंत जायची. वधूपक्ष खूश.

पुंटो ९० एचपी म्हणजे खानदानी पण व्यवहारात कच्चं घराणं. इंजिन तेच १२४८ सीसीचं, पण टर्बो जास्त हुशार, पंख्याची पाती गरजेप्रमाणे वळवणारा. त्यामुळे ९३ अश्वशक्ती आणि २०९ न्यूटन-मीटर. दिसायला अशी, की सिग्नलला माणसं मान वळवत. स्टिअरिंग वजनदार, वळणावर रस्त्याला चिकटलेली. मित्रमंडळींत प्रत्येक जण म्हणायचा, "चालवायला पुंटोसारखी गाडी नाही." आणि असं म्हणून प्रत्येक जण स्विफ्ट बुक करायचा. शास्त्रीय संगीताचं आणि पुंटोचं आपल्याकडे सारखंच. आदर सगळ्यांना, तिकीट कोणी काढत नाही.

आय-ट्वेंटी म्हणजे दागिन्यांनी मढलेली. १.४ लिटर, ९० अश्वशक्ती, २२० न्यूटन-मीटर, पुढे सहा गिअरही मिळाले. जोर होता, पण तिच्या मालकाला पिकअपबद्दल विचारलं तर तो मागच्या एसीच्या झडपा दाखवायचा.

२०१५ साली नव्या रूपात आलेली फोर्डची फिगो म्हणजे दिसायला साधी आणि अंगात भलतंच काही असलेली. १.५ लिटर, १०० अश्वशक्ती, २१५ न्यूटन-मीटर, आणि पोलोपेक्षा शंभरेक किलोंनी हलकी. वजनाला ताकदीने भागलं तर पोलोलाही मागे टाकणारी, आणि किमतीने खाली. किंमत आणि कामगिरी यांची खरीखुरी तुलना करायची तर पहिला नंबर तिचा. पण तुलना करून लग्न जमत नाही. फिगोतून उतरताना शेजारी बघत नाहीत, ही गोष्ट कुठल्याच तक्त्यात नसते.

आणि पोलो जीटी टीडीआय. दार लावलं की बँकेच्या लॉकरसारखा आवाज. पहिल्यांदा आली ती १५९८ सीसीचं इंजिन घेऊन. आपल्या सरकारने २००६च्या बजेटात नियम केला होता की चार मीटरच्या आतली लांबी आणि डिझेलचं इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर अबकारी कर कमी. पोलोची लांबी ३९७१ मिलिमीटर. लांबीत पास, इंजिनात अठ्ठ्याण्णव सीसींनी नापास! २०१४ साली १४९८ सीसीचं इंजिन आलं. पॉवर तीच, टॉर्क तोच, सीसी तेवढे शंभर कमी. जर्मन इंजिनिअरसुद्धा चाकणला येऊन 'बसत नाही, जरा आत सरका' शिकले, याचा मला एक महाराष्ट्रीय म्हणून अभिमान वाटतो.

यांतली मी कोणती घेतली ते सांगणार नाही. त्या कंपनीच्या वर्कशॉपशी माझं अजून येणं-जाणं आहे आणि माझ्या क्लच प्लेटचं बिल तिथल्या माणसाने ज्या शांत चेहऱ्याने माझ्यापुढे ठेवलं, तो चेहरा मला पुन्हा बघायचाय असं नाही.

"ॲव्हरेज किती देते?" बाबांनी विचारलं.

"बावीस," मी म्हणालो.

हा आकडा मी हवेतून काढला नव्हता. तो कंपनीच्या पत्रकातला होता, आणि पत्रकातला आकडा येतो एआरएआयकडून. ही संस्था आमच्या कोथरूडलाच, वेताळ टेकडीच्या अंगाखांद्यावर. म्हणजे देशभरातल्या संसारांत भांडणं लावणारा आकडा आमच्या टेकडीवर जन्माला येतो. तिथे गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाने चालवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. खड्डा नाही, रिक्षा नाही, अचानक दार उघडणारा नाही. अशा वातावरणात २०१८च्या डिझेल स्विफ्टने लिटरला २८.४ किलोमीटर दिले. द्यायचेच. लक्ष्मी रोडने नेली नाही तर मीसुद्धा लिटरभर चहात दिवसभर काम करतो.

बाबांनी पत्रकातला आकडा वहीत पहिल्या पानावर लिहिला आणि त्या दिवसापासून हिशेब सुरू केला. प्रत्येक टाकी फुल्ल, प्रत्येक रीडिंग, प्रत्येक पावती. पत्रकातले बावीस आणि वहीतले आकडे यांच्यात जे अंतर पडलं, त्यातून त्यांना माझं गुप्त आयुष्य कळू लागलं.

"या महिन्यात पंधरा पॉइंट दोन," एका संध्याकाळी ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "ताम्हिणीला गेला होतास?"

नवऱ्याच्या शर्टावरचे केस मोजणाऱ्या बायका असतात म्हणे. माझ्या बायकोला त्याची गरज पडली नाही. घरात दशांश चिन्हापर्यंत हिशेब होता.

बावीसची नोंद त्या वहीत एकदाच झाली. आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो, बाबा पुढच्या सीटवर होते, आणि काटा सत्तरच्या पुढे सरकला की ते नुसतं खाकरायचे. त्या प्रवासात आम्हाला एका ट्रॅक्टरने ओव्हरटेक केलं. परत आल्यावर बाबांनी २२.१ या आकड्याखाली लाल शाईने दोन रेघा मारल्या.

आता पैशाचं बोलू. पोलो जीटी सोडली तर डिझेल गाडी पेट्रोलच्या जुळ्या बहिणीपेक्षा लाख-सव्वा लाखाने महाग असायची. वर महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्स दोन टक्के जास्त. विमा त्या हिशेबात, सर्व्हिसिंग त्या हिशेबात. एक लाख वीस हजार जास्तीचे धरा आणि डिझेलमुळे किलोमीटरमागे तीन रुपये वाचतात असं उदारपणे धरा. म्हणजे गाडी चाळीस हजार किलोमीटर पळाली की आपण बरोबरीत आलो. फायदा त्याच्या पुढे.

माझं ऑफिस घरापासून सात किलोमीटर. जाऊन-येऊन चौदा. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेतीनशे किलोमीटर, वर्षाचे बेचाळीसशे. म्हणजे चाळीस हजार व्हायला साडेनऊ वर्षं. हा हिशेब मी गाडी घेतल्यावर केला. आधी केला असता तर पीएमपीचा पास काढला असता.

पण डिझेलवाल्याचं तर्कशास्त्र इथे थांबत नाही. जितकी गाडी जास्त चालेल तितके पैसे जास्त वाचतील, हे गणिताने सिद्ध आहे. म्हणून मी पैसे वाचवायला फिरू लागलो. कंदी पेढे घरासमोरच्या दुकानातही मिळतात, पण मी ते साताऱ्याहून आणू लागलो. जाता-येता सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे पावणेसातशे रुपये वाचले! पेढे चारशेचे, टोल वेगळा, वाटेत मिसळ. शिवाय खंबाटकी घाट लागतो. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांवर काटा गेला की जे होतं, त्याचे पैसे मी कुठल्याच खात्यात धरले नाहीत. बायको म्हणाली, "एवढे पेढे कोण खाणार?" मी म्हणालो, "बचत होतेय." तिने फ्रीजकडे बघितलं. बचत वरच्या कप्प्यात, तीन डब्यांत होती.

आणि पर्फॉर्मन्सचं म्हणाल तर तो वापरायचा कुठे? एक्स्प्रेस-वेवर मोटारीला मर्यादा ताशी शंभर, घाटात त्याहून कितीतरी कमी आणि डोक्यावर कॅमेरे. पौड रोडला दुसरा गिअर हा चैनीचा भाग. अकरा वर्षांत मी खरोखरच्या वेगाने किती वेळ गेलो असेन याचा हिशेब बाबांच्या पद्धतीने मांडला, तर महिन्याला चार-पाच फोडण्या, प्रत्येकी अडीच सेकंदांच्या. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आत. सव्वा लाख जास्तीचे आणि आनंद अर्धा तास. तरी सांगतो, मुंज, लग्न आणि फ्लॅटची वास्तुशांत या तिन्हींत मिळून मला एवढा आनंद झाला नव्हता. बायकोने वाचू नये म्हणून हे वाक्य परिच्छेदाच्या शेवटी टाकलंय.

डिझेलच्या बाबतीत खरं बोलायचं नाही, हा शिरस्ता पुढे फार वरपर्यंत गेला. सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनची लबाडी उघडी पडली. गाडी रोलरवर परीक्षा देते आहे की रस्त्यावर आहे हे ओळखणारं सॉफ्टवेअर त्यांनी इंजिनात घातलं होतं. परीक्षेच्या वेळी धूर सज्जन, रस्त्यावर आली की मोकाट. इन्स्पेक्शनच्या दिवशी पांढरेशुभ्र गणवेश घालून 'एक साथ नमस्ते' म्हणणारी आमची सातवी ब अख्खी त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. भारतातही त्या वर्षाअखेर तीन लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मी कंपनीवर चिडायला हवं होतं. पण मीही घरात रोलरवरचा आकडा सांगून घाटात वेगळाच वागत होतो. चिडणार कोणत्या तोंडाने?

मग कारणं एकेक करून गळू लागली. जानेवारी २०१३पासून डिझेल दर महिन्याला थोडं थोडं वाढत होतंच, ऑक्टोबर २०१४मध्ये सरकारने भावावरचा हात काढून घेतला. जून २०२०मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलच्याही वर गेलं. त्याच वर्षी एप्रिलपासून बीएस-सिक्सचे नियम लागू झाले. धुरातली काजळी अडवायला जाळी बसवायची, आणि ती जाळी साफ व्हायला गाडी मधूनमधून मोठ्या रस्त्यावर तापवून आणायची. सात किलोमीटरच्या ऑफिसवाल्यांनी करायचं काय? छोट्या गाडीत एवढा खर्च घालणं परवडेना. मारुतीने डिझेल सोडलं, फोक्सवॅगनने सोडलं, फोर्डने २०२१मध्ये देशातलं गाड्या बनवणंच बंद करायचं ठरवलं. पुंटो त्याआधीच गेली होती. २०२३मध्ये आय-ट्वेंटीचं डिझेलही थांबलं. २०२५ साली टाटांची अल्ट्रोझ नव्या रूपात आली तेव्हा ती देशातली एकुलती एक डिझेल हॅचबॅक उरली होती. पिंपरीत सुरू झालेली गोष्ट पिंपरीतच येऊन टेकली.

आता तरुण मंडळी टर्बो पेट्रोल घेतात. जोरात पळणाऱ्या, गुळगुळीत, बिनआवाजाच्या. चांगल्या आहेत. पण ही मुलं विचारल्यावर सरळ सांगतात, "मला आवडली म्हणून घेतली." एवढं धडधडीत खरं ऐकलं की मला कसंसंच होतं.

गेल्या महिन्यात मी गाडी विकायला काढली. पंधरा वर्षांची मुदत जवळ येत चाललेली, माझं ऑफिस घरातच आलेलं, आणि पेढे डॉक्टरांनी बंद केलेले. डॅशबोर्डच्या कप्प्यात आरसी, पीयूसी, विम्याचे कागद नीट लावून ठेवले. बाबांची वही तेवढी काढून घेतली.

सासवडकडचे बापलेक आले. अंजिराची बाग असलेलं घर. मुलगा चोवीस-पंचविशीचा. गाडीभोवती फिरताना टायर, पत्रा, रंग काही बघत नव्हता. मागच्या दारावर डिझेलची अक्षरं होती, त्यांच्यावरून त्याने अंगठा फिरवला, जसा देवळात उंबऱ्यावरून फिरवतात. मी ओळखलं. हा माझाच.

वडील पांढऱ्या टोपीतले. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, इंजिन चालू करायला लावलं, आणि पंपाशी उभं राहतात तसं मान तिरकी करून मिनिटभर ऐकलं. आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

"आवाज बरा हाय," ते म्हणाले. "ॲव्हरेज कितीचं देती?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. दहावीच्या निकालाच्या दिवशी पोरं पोस्टमनकडे बघायची, तशा नजरेने. मी तोंड उघडलं आणि एवढ्यात बाल्कनीतून बाबांचा आवाज आला. बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. ऐकू कमी येतं, पण हा एक शब्द त्यांना तीन मजल्यांवरून ऐकू येतो.

"बावीस पॉइंट एकची नोंद आहे," बाबा म्हणाले.

पस्तीस वर्षं कॅश सांभाळलेला माणूस. एक पैशाचंही खोटं बोलला नाही. नोंद होतीच.

"आप्पा, बघा की," मुलगा घाईघाईने म्हणाला. "बागेत जायला-यायला, मार्केटला माल न्यायला. वाचतेच की डिझेलवर."

"चालवून बघतो," आप्पा म्हणाले.

मी शेजारी बसलो, मुलगा मागे. आप्पांनी चांदणी चौकाच्या चढाला गाडी घातली. दुसरा गिअर, तिसरा. काटा पंधराशेवर. गाडी विचारात. "जरा सुस्तच हाय," आप्पा म्हणाले आणि पाय थोडा आणखी दाबला. सतराशे. अठराशे. मी खिडकीबाहेर बघत बसलो. दोन हजार.

मोहरी तडतडली.

आप्पांची टोपी सीटच्या उशीला टेकली ती चढ संपेपर्यंत तिथेच राहिली. पुढचा टेम्पो मागे गेला, त्याच्या पुढची बस मागे गेली. गाडीत कोणी बोललं नाही. वर पोचल्यावर आप्पांनी गाडी बाजूला घेतली, न्यूट्रल केली, टोपी सरळ केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून थोडा वेळ समोर बघत बसले.

"आप्पा?" मागून मुलाने हळूच विचारलं.

"ॲव्हरेज चांगलं असणार," आप्पा म्हणाले. मग आरशात एकदा चढाकडे बघितलं आणि गाडी वळवायला घेतली. "पण एका चकरेत नीट कळायचं न्हाई. अजून एकदा खालून येऊन बघू."